ब्रिटनमधील घरासाठी कॉम्बी बॉयलर निवडताना : गरम पाणी पुरेल का, हे आधी कसे तपासावे

ब्रिटनमध्ये घर घेतल्यावर किंवा घरातला जुना बॉयलर मोडीत निघाल्यावर कोटेशन द्यायला येणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो बेडरूम किती, हा. दोन म्हटले की २४ किलोवॉट, तीन म्हटले की ३०, चार म्हटले की ३५, असा हिशेब तो उभ्याउभ्याच करून देतो. बेडरूमच्या संख्येवरून रेडिएटरांचा अंदाज थोडाफार बांधता येतो. पण स्नानगृहातल्या शॉवरला जानेवारीत सकाळी साडेसातला पुरेसे गरम पाणी येईल की नाही, याचा त्या संख्येशी फारसा संबंध नसतो. ते ठरते तीन गोष्टींवर : रस्त्याखालच्या वाहिनीतून घरात मिनिटाला किती लिटर पाणी येते, ते पाणी हिवाळ्यात किती थंड असते, आणि घरातली माणसे एकाच वेळी किती नळ उघडतात. बॉयलरचा किलोवॉटचा आकडा या तिन्हींच्या नंतर येतो आणि या लेखातही तो त्याच क्रमाने येईल.

कॉम्बी पाणी कसे तापवतो

महाराष्ट्रात ज्यांच्या घरी भिंतीवर टांगलेला गॅस गीझर होता, त्यांना कॉम्बीचा गरम पाण्याचा भाग नवा नाही. नळ उघडला की आतून पाणी वाहू लागते, ज्योत पेटते, आणि पाणी साठवून न ठेवता वाहता वाहताच तापते. कॉम्बी हाच उद्योग मोठ्या प्रमाणावर करतो आणि त्याच्या जोडीला रेडिएटरांतून फिरणारे पाणीही तापवतो. आतली रचना मात्र वेगळी आहे. ज्योत थेट नळाच्या पाण्याला तापवत नाही. ती रेडिएटरच्या बंद चक्रातले पाणी तापवते, आणि नळ उघडल्याचे संवेदकाला कळताच एक झडप ते गरम पाणी रेडिएटरांकडून वळवून पातळ पत्र्यांच्या एका छोट्या उष्णता-विनिमयकात आणते. त्या पत्र्यांच्या एका बाजूने हे गरम पाणी आणि दुसऱ्या बाजूने नळाचे थंड पाणी जाते. म्हणून आंघोळ चालू असेपर्यंत रेडिएटर थांबलेले असतात. दहा-पंधरा मिनिटांत घर काही गार पडत नाही, त्यामुळे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. जुन्या पद्धतीत असते तशी गरम पाणी साठवणारी टाकी नसल्यामुळे गरम पाणी ‘संपत’ नाही. एकामागून एक सहा जणांनी आंघोळ केली तरी सहाव्यालाही पहिल्याइतकेच गरम पाणी मिळते. मात्र टाकी नसल्यामुळेच एका क्षणाला मिळणाऱ्या पाण्याला पक्की मर्यादा असते, कारण जेवढी उष्णता त्या क्षणी ज्योत देते तेवढीच हाताशी असते. दिवाळीच्या पहाटे घरातल्या सगळ्यांचे अभ्यंगस्नान एकामागून एक होणार असेल, तर कॉम्बीसारखी सोय नाही. दोन स्नानगृहांत दोन शॉवर एकाच वेळी चालणार असतील, तर मात्र नीट हिशेब केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिली पायरी : येणारे पाणी मोजणे

कॉम्बी पाणी तापवतो, ढकलत नाही. घरात मिनिटाला १० लिटर पाणी येत असेल तर ४० किलोवॉटचा बॉयलर बसवूनही नळातून १० लिटरच येईल. म्हणून कोटेशन मागवण्याच्या आधी हे मोजमाप स्वतः करून ठेवावे. त्याला एक बादली आणि मोबाइलमधले घड्याळ यांखेरीज काही लागत नाही.

बादलीत मापाच्या भांड्याने किंवा दुधाच्या बाटलीने १० लिटर पाणी ओतून आतल्या बाजूला खूण करावी आणि बादली रिकामी करावी. घरातला मुख्य स्टॉपकॉक, म्हणजे साऱ्या घराचे पाणी बंद करणारी झडप, पूर्ण उघडा आहे याची खात्री करावी. बहुतेक घरांत तो स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो, आणि पूर्वीच्या प्लंबरने काम संपवताना तो अर्धाच उघडून ठेवलेला असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. घरातले बाकीचे सगळे नळ, कपड्यांचे आणि भांड्यांचे यंत्र बंद ठेवावे. मग बागेतला नळ, तो नसल्यास स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ पूर्ण उघडून खुणेपर्यंत बादली भरायला लागलेले सेकंद मोजावेत. ६०० ला त्या सेकंदांनी भागले की मिनिटाला किती लिटर हे निघते : ४० सेकंद लागले तर १५ लिटर, ६० लागले तर १०, ७५ लागले तर ८. हल्लीच्या नळांच्या तोंडाशी जाळी असते आणि ती प्रवाह बरीच कमी करते, म्हणून मोजण्यापूर्वी ती काढावी किंवा बागेतल्या नळावरच भरवसा ठेवावा.

हे मोजमाप एकदा दुपारी करून भागत नाही. शेजारीपाजारी सगळे उठून आंघोळीला लागलेले असताना, म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी सात ते आठच्या दरम्यान, ते पुन्हा करावे आणि हिशेबात धरायचा आकडा हाच. एकमेकांना चिकटून बांधलेल्या जुन्या टेरेस घरांच्या रांगांमध्ये दोन किंवा अधिक घरांना रस्त्यावरून एकच सामाईक पाइप आलेला असतो. तिथे दुपारचा आणि सकाळचा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दर १० मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब कमी होतो, हेही ध्यानात ठेवावे.

दाब आणि प्रवाह या दोन गोष्टींची गल्लत इथे फार होते. नळ बंद असताना दाबमापकावर तीन बार दिसले म्हणजे पाणी भरपूर आहे असे नव्हे. अरुंद पाइपातही पाणी स्थिर असताना पूर्ण दाब दिसतोच. महत्त्वाचा दाब तो, जो एक नळ उघडा ठेवून दुसऱ्या ठिकाणी मोजल्यावर उरतो. प्रत्येक बॉयलरच्या माहितीपुस्तिकेत पूर्ण प्रवाहासाठी किमान किती दाब लागतो हे दिलेले असते, आणि ते या चालू दाबाशीच ताडून पाहावे लागते. पाणीकंपनीकडून काय अपेक्षा ठेवायची म्हणाल, तर इंग्लंड-वेल्समध्ये नियामकाने धरलेली संदर्भपातळी घराच्या हद्दीशी मिनिटाला ९ लिटर प्रवाहावर १० मीटर, म्हणजे साधारण एक बार दाब, एवढीच आहे. एवढ्याने एक साधा शॉवर चालतो. त्याहून अधिक मिळाले तर ते आपले नशीब आणि त्या गल्लीतल्या वाहिनीचे वय.

आकडा १० च्या खाली आला तर बॉयलरचा विचार बाजूला ठेवून आधी कारण शोधावे. स्टॉपकॉक तपासून झाला असेल, तर पुढचा संशयित रस्त्यापासून घरापर्यंतचा पाइप. १९७० पूर्वीच्या घरांत तो शिशाचा किंवा अरुंद लोखंडी असू शकतो. हल्ली निळ्या प्लॅस्टिकचा २५ किंवा ३२ मिलिमीटरचा पाइप टाकतात. हद्दीच्या आतला पाइप मालकाचा, बाहेरचा कंपनीचा, अशी वाटणी आहे. मालकाने आपल्या हद्दीतला शिशाचा पाइप बदलला तर अनेक कंपन्या आपल्या बाजूचा पाइप फुकट बदलून देतात, म्हणून खोदकाम सुरू करण्यापूर्वी कंपनीला अवश्य विचारावे. माझ्या मते बॉयलरवर वाढीव पैसे घालण्यापेक्षा या पाइपावर घातलेले पैसे अधिक काळ उपयोगी पडतात. बॉयलर पंधरा वर्षांनी पुन्हा बदलावाच लागतो, पाइप नाही.

दुसरी पायरी : हिवाळ्याचा हिशेब

शॉवरखाली अंगावर घेण्याचे पाणी साधारण ४० अंश सेल्सियस असते. पुण्यात किंवा मुंबईत टाकीतले पाणी २५ अंशांच्या आसपास असले तर गीझरला ते १५ अंशांनी चढवायचे असते. ब्रिटनमध्ये कडक हिवाळ्यात जमिनीखालून येणारे पाणी ५ अंशांपर्यंत उतरते, म्हणजे चढाव ३५ अंशांचा होतो. तेवढ्याच ज्योतीतून निम्म्याहूनही कमी पाणी निघणार, हे उघड आहे. उन्हाळ्यात घर पाहताना शॉवर मस्त चालला आणि डिसेंबरात त्याचे बारीक धारेत रूपांतर झाले, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा एवढेच असते.

हिशेबाचे सूत्र सोपे आहे. बॉयलरच्या गरम पाण्याच्या किलोवॉटला १४.३ ने गुणावे आणि जितके अंश चढाव हवा त्याने भागावे. उत्तर मिनिटाला लिटरमध्ये येते. ३५ अंशांच्या चढावाला २४ किलोवॉटमधून सुमारे ९.८ लिटर, ३० मधून १२.३, ३५ मधून १४.३ आणि ४० मधून १६.४ लिटर मिळतात. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता कोणत्याही कारखान्यात सारखीच असल्यामुळे कोणतीही कंपनी या गणितापुढे जाऊ शकत नाही.

जाहिरातीतला आकडा मात्र जपून वाचावा. ब्रिटनमध्ये प्रवाह बहुधा ३५ अंशांच्या चढावाला सांगतात, पण काही पत्रकांत ३० अंश धरलेले असतात. तोच २४ किलोवॉटचा बॉयलर ३० अंशांना ११.५ लिटरचा दिसतो आणि ४० अंशांना ८.६ चा. दोन बॉयलरांची तुलना करताना दोघांचे आकडे एकाच चढावाला आहेत ना, हे आधी पाहावे. नसतील तर वरच्या सूत्राने स्वतःच काढावेत. दुसरी सावधगिरी किलोवॉटबद्दलची. वर्स्टर बॉश, व्हेलंट, आयडियल, बॅक्सी, व्हीसमन अशा कंपन्यांच्या कॉम्बींच्या नावात जो आकडा असतो तो सर्वसाधारणपणे गरम पाण्याच्या क्षमतेचा असतो, पण रेडिएटरांसाठीची क्षमता तक्त्यात वेगळ्या ओळीत आणि पुष्कळदा कमी दिलेली असते. आपल्याला हवी आहे ती गरम पाण्याची ओळ.

तिसरी पायरी : घरातली मागणी

आता एका कागदावर सकाळचा सर्वांत गर्दीचा पाव तास लिहून काढावा. साध्या मिक्सर शॉवरला मिनिटाला ८ ते १२ लिटर लागतात. छतातून पडणाऱ्या रुंद पावसाळी शॉवरला १२ पासून २० पर्यंत काहीही. पाणी वाचवणारे शॉवरहेड ६ ते ८ वर भागवते. भांडी विसळताना स्वयंपाकघरातला नळ ४ लिटरपर्यंत जातो. ब्रिटनमधली कपड्यांची आणि भांड्यांची यंत्रे सहसा थंड पाणीच घेऊन स्वतः तापवतात, त्यामुळे ती बॉयलरवर बोजा टाकत नाहीत. पण भरत असताना येणाऱ्या पाण्यातला आपला वाटा उचलतातच, आणि नेमका त्याच क्षणी शॉवर मंदावतो.

चौघांचे कुटुंब, एक स्नानगृह, शॉवर ९ लिटरचा, आणि तो चालू असताना खाली कोणीतरी डब्याची भांडी विसळत आहे, असे धरू. एकूण १३ लिटर, ३५ अंश चढाव : १३ गुणिले ३५ भागिले १४.३, म्हणजे सुमारे ३२ किलोवॉट. इथे ३० जेमतेम भागवेल, ३५ आरामात पुरेल. भांडी दहा मिनिटांनी विसळायची तयारी असेल तर २४ सुद्धा चालेल, कारण शॉवर एकटा २२ किलोवॉटच मागतो. दुसरे उदाहरण दोन स्नानगृहांचे. दोन्हीकडे ९ लिटरचे शॉवर एकदम चालले तर १८ लिटर होतात आणि ४४ किलोवॉट लागतात, जे भिंतीवरच्या नेहमीच्या कॉम्बींच्या पलीकडे आहे. पण दोन्ही शॉवरहेड ७ लिटरची केली, तर मागणी १४ लिटर आणि ३४ किलोवॉटवर येते आणि ३५ चा बॉयलर कागदावर तरी पुरतो. काही पौंडांच्या शॉवरहेडने बॉयलरची एक संपूर्ण पायरी वाचते, हे विक्रेता आपण होऊन सांगेल अशी अपेक्षा करू नये.

इथे एक बारकावा सुटतो. बॉयलरमधून पाणी ५० अंशांनी निघाले तर शॉवरच्या मिक्सरमध्ये त्यात थोडे थंड पाणी मिसळून ते ४० वर येते. वरच्या दोन शॉवरांच्या एकूण १४ लिटरपैकी साधारण ११ लिटर बॉयलरमधून आणि ३ लिटर थेट थंड नळाच्या पाइपातून येतात. पण दोन्ही येतात ती रस्त्यावरच्या त्याच एका पाइपातून. म्हणून पहिल्या पायरीत बादलीने मोजलेला आकडा बॉयलरच्या प्रवाहाशी न ताडता एकूण मागणीशी, म्हणजे १४ शी, ताडावा आणि वर थोडी मोकळीक ठेवावी. सकाळचा आकडा १६-१७ च्या खाली असेल तर दोन शॉवरांचा बेत कोणत्याही कॉम्बीवर जमणार नाही.

टबाचा हिशेब निराळा. सर्वसाधारण टब ८० लिटरपर्यंत भरतात. २४ किलोवॉटला हिवाळ्यात त्याला आठ मिनिटांच्या वर लागतात, ३५ ला साडेपाच-सहा. लहान मुलांना रोज रात्री टबात बसवणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे. आपल्याकडच्या अनेक घरांत टबात उभे राहून किंवा पाटावर बसून बादली-तांब्यानेच आंघोळ होते, विशेषतः आई-वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले असताना. १५ लिटरची बादली २४ किलोवॉटवर दीड मिनिटात भरते आणि पुढची दहा मिनिटे बॉयलर मोकळा असतो. अशा घराला मोठ्या बॉयलरची काही गरज नसते. पाहुणे धरून घरात सहा माणसे झाली म्हणजे बॉयलरही मोठा हवा, हा तर्क टाकीच्या काळातला आहे. कॉम्बीला माणसांच्या संख्येशी देणे-घेणे नाही, एकाच वेळी उघडलेल्या नळांशी आहे.

चौथी पायरी : गॅसचा पाइप आणि रेडिएटर

मागणीचा आकडा हाती आला की तो घर पेलू शकते का, हे पाहावे. ३० किंवा ३५ किलोवॉटचा कॉम्बी पूर्ण जोराने चालताना जुन्या बॉयलरच्या दुप्पट गॅस ओढू शकतो, आणि मीटरपासून बॉयलरपर्यंत पूर्वीचा १५ मिलिमीटरचा पाइप असेल तर तो पुरत नाही. मीटर आणि उपकरण यांच्यामध्ये गॅसचा दाब एक मिलिबारपेक्षा जास्त घटू नये, असा दंडक आहे. त्यासाठी बहुतेक घरांत २२ मिलिमीटरचा आणि अंतर फार असेल तर काही भागात २८ चा पाइप टाकावा लागतो. म्हणजे फरशी उचलणे किंवा भिंतीवरून उघडा पाइप नेणे आले. कोटेशनमध्ये गॅसच्या पाइपाचा उल्लेखच नसेल, तर तो मोजला होता का, हे स्पष्ट विचारावे. घरगुती मीटर मात्र सहसा आड येत नाही : तासाला ६ घनमीटरचा नेहमीचा मीटर सुमारे ६४ किलोवॉट देऊ शकतो, आणि ३५ चा बॉयलर व चार शेगड्या मिळून त्याच्या बऱ्याच आत राहतात.

रेडिएटरांची गरज गरम पाण्याच्या मानाने फारच थोडी असते. बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या टेरेस किंवा सेमी-डिटॅच्ड घराला गोठवणाऱ्या थंडीतही बहुधा ५ ते १० किलोवॉट पुरतात. गरम पाण्यासाठी ३५ चा बॉयलर घेतला की तो रेडिएटरांसाठी अवाढव्य ठरतो; म्हणून तो किती खाली उतरू शकतो, हे त्याच्या कमाल क्षमतेइतकेच महत्त्वाचे आहे. एकास दहा प्रमाणात उतरणारा ३५ चा बॉयलर साडेतीन किलोवॉटवर शांतपणे चालत राहतो. एकास पाच उतरणारा सातच्या खाली जाऊ शकत नाही आणि सौम्य थंडीच्या दिवसांत सतत पेटतो-विझतो. त्यात गॅसही जास्त जातो आणि यंत्रही झिजते. तक्त्यातला ‘किमान क्षमता’ हा आकडा म्हणून पाहावा, आणि बसवणाऱ्याला रेडिएटरांसाठीची कमाल मर्यादा घराच्या गरजेइतकी खाली आणून द्यायला सांगावे. बहुतेक बॉयलरांत ही सोय असते, पण कारखान्यातून आलेली मांडणी तशीच सोडून निघून जाणारे लोक पुष्कळ आहेत.

पाचवी पायरी : कॉम्बी नकोच, असे कधी म्हणावे

सकाळचा प्रवाह २० च्या वर आहे पण मागणी ४० किलोवॉटच्या पुढे जाते, अशा दोन-तीन स्नानगृहांच्या घरात साधा बॉयलर आणि मेन्सच्या, म्हणजे रस्त्यावरच्या वाहिनीच्या, दाबावर चालणारी गरम पाण्याची बंद टाकी हा योग्य मार्ग आहे. २१० लिटरच्या टाकीत ६० अंशांचे पाणी असेल तर मिसळून त्याचे ४० अंशांचे तीनशे लिटरच्या वर पाणी होते आणि ते लागेल त्या वेगाने ओढता येते. अशी टाकी बसवणाऱ्याकडे जी-थ्री म्हणून ओळखली जाणारी वेगळी पात्रता असावी लागते, कारण बंद टाकीतला दाब हा खेळ नव्हे. प्रवाहच ८-१० असेल, तर मात्र या टाकीनेही काही साधत नाही, कारण तिच्यातले गरम पाणीही मेन्सच ढकलतो. अशा घरात माळ्यावरची जुनी टाकी आणि शॉवरचा पंप ही तथाकथित जुनाट व्यवस्थाच सर्वांत चांगला शॉवर देते. मेन्सवर थेट पंप बसवण्याची कल्पना अनेकांना सुचते. मिनिटाला १२ लिटरपेक्षा जास्त ओढणारा पंप पाणीकंपनीला कळवून तिची संमती घेतल्याशिवाय बसवता येत नाही.

मधली वाट म्हणून पोटात छोटी टाकी असलेले कॉम्बीही मिळतात. टाकीतले पन्नासएक लिटर संपेपर्यंत ते दोन शॉवर झेलतात, त्यानंतर साध्या कॉम्बीसारखे वागू लागतात. ते अंगाने मोठे आणि किमतीने जास्त असतात. दोन छोट्या आंघोळी एकदम होणाऱ्या घराला ते जमतात, वीस-वीस मिनिटे शॉवरखाली उभ्या राहणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या घराला नाही.

सर्वांत स्वस्त तोड मात्र दुसऱ्या स्नानगृहातला विजेचा शॉवर जागच्या जागी ठेवणे, ही आहे. साडेनऊ किलोवॉटचा असा शॉवर हिवाळ्यात मिनिटाला चारेक लिटरच देतो, म्हणजे धार बेताचीच. पण तो बॉयलरकडून काहीच घेत नाही, आणि बॉयलर बंद पडलेल्या दिवशी घरात आंघोळ होते. टाकी काढली की तिच्यातला विजेचा इमर्शन हीटरही जातो, म्हणजे कॉम्बीला पर्यायी सोय उरत नाही, हे लक्षात घेतले की या शॉवरचे मोल कळते. टाकीबरोबर एअरिंग कपबर्डमधली, म्हणजे ती टाकी ठेवलेल्या कपाटातली, ऊबही जाते, आणि इडलीचे पीठ रात्रभर ठेवण्याची ब्रिटनमधली हुकमी जागा नाहीशी होते. निर्णय फिरावा इतके मोठे हे कारण नाही, पण घरातल्यांना आधी सांगून ठेवावे.

पुढच्या काही वर्षांत बॉयलरऐवजी हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर घरात आणणारे यंत्र, घेण्याचा विचार असेल, तर टाकी आणि तिची जागा मोडू नये. घरगुती हीट पंप एका क्षणी कॉम्बीइतकी उष्णता देऊ शकत नाही, त्याला टाकी लागतेच. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्यासाठीचे सरकारी अनुदान ७,५०० पौंड झाले, तेव्हा हा विचार आता केवळ हौशी राहिलेला नाही.

सहावी पायरी : जागा, पाइप आणि पाण्याचा कठीणपणा

बॉयलर आणि शॉवर यांच्यातला पाइप जितका लांब तितका वेळ थंड पाणी सोडून द्यावे लागते. १५ मिलिमीटरच्या तांब्याच्या १० मीटर पाइपात सुमारे दीड लिटर पाणी असते, २२ मिलिमीटरच्या तेवढ्याच लांबीत तीन लिटरच्या वर. टाकीच्या काळातले जाड पाइप तसेच ठेवले तर हात धुण्याइतके गरम पाणी येईपर्यंत हात धुऊन झालेले असतात. शक्य असेल तर बॉयलर सर्वांत जास्त वापराच्या नळांच्या मध्ये घ्यावा आणि गरम पाण्याचे पाइप १५ चे करून त्यांवर फोमचे आवरण चढवावे. बॉयलर स्वतःला आधीच तापवून ठेवणारी प्री-हीटची सोय काही सेकंद वाचवते, पण दिवसभर थोडाथोडा गॅस खात राहते. सकाळ-संध्याकाळपुरती लावता येत असेल तरच ती ठेवावी.

टाकीवरून कॉम्बीवर जाताना शॉवरचा पंप काढावाच लागतो आणि कमी दाबासाठी बनलेला जुना शॉवर-मिक्सर बदलावा लागू शकतो. हे दोन खर्च कोटेशनमध्ये आहेत का, ते पाहावे. रेडिएटरांचे चक्रही आता बंद आणि एक ते दीड बार दाबाखाली येते. वर्षानुवर्षे गपगुमान ठिबकणारा एखादा जुना सांधा पहिल्याच आठवड्यात बोलू लागतो.

लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी कठीण आहे. मँचेस्टर, वेल्सचा बराच भाग आणि स्कॉटलंड इथे मऊ. किटलीत पांढरा थर धरत असेल तर तोच थर बॉयलरमधल्या पातळ पत्र्यांवरही धरणार आणि दोन-तीन वर्षांत गरम पाण्याचा प्रवाह आणि तापमान दोन्ही उतरणार. दशलक्षास २०० भागांपेक्षा जास्त कठीणपणा असेल तिथे बॉयलरकडे जाणाऱ्या थंड पाण्यावर क्षार रोखणारे उपकरण बसवून घ्यावे. नळाचे तापमान ६० ऐवजी ५० अंशांवर ठेवले तरी क्षार बराच कमी धरतो, आणि शॉवरला तेवढे पुरते.

कोटेशन आणि बसवण्याचा दिवस

गॅसचे काम फक्त गॅस सेफ या अधिकृत नोंदवहीत नाव असलेल्यानेच करायचे असते. ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्याला कोणती कामे करण्याची मुभा आहे ते लिहिलेले असते. ते वाचून पाहण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. निदान तीन कोटेशन घ्यावीत आणि तिघांनाही आपला सकाळचा प्रवाह व मागणीचा आकडा लेखी द्यावा. जो हे आकडे पाहून स्वतः पुन्हा मोजतो, तो बहुधा काम जाणणारा असतो. जो त्याकडे न पाहता ‘३५ टाकू या, काही प्रश्न येणार नाही’ म्हणतो, त्याला गॅसच्या पाइपाबद्दल विचारून पाहावे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून नव्या कॉम्बीबरोबर वेळ आणि तापमान यांच्या नियंत्रणाखेरीज आणखी एक ऊर्जाबचतीची सोय देणे बंधनकारक आहे, जसे बाहेरच्या हवामानानुसार पाणी कमी-जास्त तापवणारे किंवा खोलीच्या गरजेनुसार ज्योत बदलणारे नियंत्रण. त्यातले कोणते मिळणार, हे नावानिशी लिहून घ्यावे.

काम पूर्ण झाल्यावर इंजिनिअर घरात असतानाच गरम पाणी मोजावे. स्वयंपाकघरात थंड नळाचे तापमान थर्मामीटरने घ्यावे, मग गरम नळ पूर्ण उघडून एक मिनिट वाहू द्यावा, त्याचे तापमान घ्यावे आणि बादलीने प्रवाह मोजावा. लिटरांना चढावाने गुणून १४.३ ने भागले की बॉयलर प्रत्यक्षात किती किलोवॉट देतो हे निघते. ३० च्या बॉयलरमधून २८-२९ निघाले तर मोजणीतल्या चुकीच्या मानाने ते ठीक आहे. २२ निघाले तर आधी नळाची जाळी काढून पुन्हा मोजावे, बॉयलर कमी प्रवाहामुळेच ज्योत उतरवतो आहे का ते पाहावे, आणि तसे नसेल तर गॅसचा चालू दाब आपल्यासमोर मोजायला सांगावा. हे आकडे बॉयलरबरोबर येणाऱ्या नोंदपुस्तिकेत लिहून घ्यावेत, कारण वॉरंटीचा दावा करताना हीच पुस्तिका आणि दरवर्षीच्या सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या जातात. बसवणाऱ्याने ३० दिवसांच्या आत कामाची नोंद करायची असते, आणि त्यानंतर बांधकाम नियमांच्या पूर्ततेचे प्रमाणपत्र येते. घर विकताना वकील ते मागतो, तेव्हा महिनाभरात आले नाही तर बसवणाऱ्याकडे पाठपुरावा करावा.